पट्टा हनुवटीला, रिफ्लेक्टर ट्रॉलीला

कापसाचा हंगाम आला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्री बिनदिव्याच्या ट्रॉल्या दिसतात. खरे तर दिसतच नाहीत! ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटारसायकल सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे जाते. ब्रेक लावेपर्यंत घात होतो. मोडलेले हाड आम्ही डॉक्टर जोडतो, मेंदूचे तसे नाही. हेल्मेटने डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. पण हनुवटीचा पट्टा बांधलेला हवा. मागे बसणाऱ्यांनाही हेल्मेट हवेच. मात्र सारा दोष मोटारसायकलवाल्यांच्या माथी मारणे मला पटत नाही. शेतकरी बंधूंनो, ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर लावा. कापसाच्या भावापुढे तो खर्च किरकोळ आहे आणि रस्ता सर्वांचाच आहे.