व्हिसा दोन वर्षांचा, कर्ज वीस वर्षांचे

विरार पूर्वेला फुलपाड्यासारख्या वस्तीत घर घेऊ पाहणाऱ्यांमध्ये आखाती देशांत वेल्डिंग, एसी दुरुस्ती, सुतारकाम, ड्रायव्हिंग करणारे आमचे बांधव आहेत. कमाई आहे, पण ती दोन वर्षांच्या करारावर उभी आहे. सौदीत इकामा, दुबईत रेसिडेन्स व्हिसा, आणि त्याचे नूतनीकरण मालकाच्या मर्जीवर. बँकेकडे मात्र पंधरा-वीस वर्षांचे कर्ज मागायचे असते. या दोन मुदतींचा मेळ घातल्याशिवाय कोणी बयाणा देऊ नये, असे आम्हाला वाटते.

कायदा आडवा येत नाही. २००० साली लागू झालेल्या फेमा कायद्याप्रमाणे परदेशात नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाला इथे घर किंवा दुकानाचा गाळा घेण्यास रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. शेतजमीन मात्र त्याला विकत घेता येत नाही. तेव्हा ‘लवकरच एनए होणार’ असे सांगून शेताचे तुकडे विकणाऱ्या एजंटाला त्याने दारातूनच परत पाठवावे. कर्ज रुपयांत मिळते. हप्ता एनआरई किंवा एनआरओ खात्यातून, घराच्या भाड्यातून, इथल्या जवळच्या नातेवाइकाच्या खात्यातूनही भरता येतो.

अडचण सुरू होते ती बँकेच्या टेबलावर. पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार, पगारपत्रक, तिकडच्या बँकेचे स्टेटमेंट असे सारे मागतात. मोठ्या कंपनीत ज्याचा पगार खात्यात जमा होतो त्याचे निभावते. रोख मजुरीवर राबणाऱ्या गवंड्याने काय दाखवावे? त्यातून पैसा हुंडीने घरी पाठवला असेल तर बारा वर्षांची मेहनत बँकेच्या लेखी शून्य. हुंडीवाला भाव थोडा जास्त देतो आणि रक्कम घरपोच करतो, हे खरे. पण ते बेकायदा आहे, आणि त्याची चिठ्ठी कोणतीही बँक पुरावा म्हणून धरत नाही. ज्याला पाच वर्षांनी घर घ्यायचे आहे त्याने आजपासून पैसा बँकेतूनच पाठवावा.

बँकांनाही आमचे सांगणे आहे. व्हिशाच्या शेवटच्या तारखेवर बोट ठेवण्याऐवजी एनआरई पासबुकाची मागची पाने उलटून पाहा. दोन-दोन वर्षांचे व्हिसे घेत पंधरा वर्षे दर महिन्याला न चुकता पैसा पाठवणारा फिटर हा कच्चा गिऱ्हाईक नव्हे.

तरीही बँकेची भीती निराधार आहे असे म्हणता येत नाही. १९९० साली कुवेतवर इराकी फौजा आल्या आणि लाखाहून अधिक भारतीय अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. २०१३ मध्ये सौदीच्या निताकत धोरणाने अनेकांना परत पाठवले, २०१६ मध्ये तिथल्याच काही कंपन्यांनी महिनोन्महिने पगार दिले नाहीत, आणि २०२० ची कोरोनाची साथ तर सर्वांना ठाऊक आहे. यातल्या एकाही वेळी कामगाराची चूक नव्हती.

म्हणून हप्ता रियालवर बेतू नये. २० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे १८ हजार रुपये होतात. तिकडे ओव्हरटाइम असताना ही रक्कम जाणवत नाही. तोच माणूस परत येऊन विरारला फॅब्रिकेशनचे लहान दुकान टाकतो, तेव्हा पहिली दोन वर्षे १८ हजार कुठून काढणार? आमच्या मते, इथे दुकान असलेल्या भावाला किंवा वडिलांना सहकर्जदार घ्यावे आणि तिकडचा पगार थांबला तरी घरच्या कमाईत भागेल तेवढेच कर्ज काढावे, मग एक खोली कमी मिळाली तरी चालेल. बदलत्या दराच्या घरकर्जाची मुदतीआधी परतफेड केल्यास बँका दंड घेऊ शकत नाहीत. तेव्हा हप्ता लहान ठेवावा आणि बोनस हाती आला की मुद्दल फेडावे.

आमच्या पुष्कळ वाचकांना व्याजच नको असते. आखातातल्या इस्लामी बँका इजारा किंवा मुराबहा पद्धतीने घर देतात. इथे रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. मग माणूस बिल्डरच्या बिनव्याजी हप्त्यांकडे वळतो, आणि धोका तिथेच आहे, कारण त्या सौद्यात कागद पाहणारा बँकेचा वकीलही नसतो. ज्याला बँक नको त्याने स्वतःचा वकील लावून जमिनीचा तीस वर्षांचा सर्च काढावा. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही त्याला बजावून सांगावे.

वसई-विरारमध्ये ही काळजी जास्तच हवी. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत, डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवरील ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२४-२५ मध्ये पाडल्या गेल्या. इमारत पडली म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. महारेरा क्रमांकावरही विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून तो क्रमांक मिळवला होता. घरपट्टीची पावती तर परवानगी मुळीच नव्हे, अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते. फुलपाड्यातील इमारतीचा सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात बांधकाम परवानगी आणि भोगवटा दाखला स्वतः तपासावा. २०१० पर्यंत या भागात सिडको हे नियोजन प्राधिकरण होते, म्हणून जुन्या इमारतीची परवानगी सिडकोची असू शकते.

सही करायला येता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत करून पाठवावे. ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प भरावा लागतो. मजकुरात फ्लॅटचा नंबर, इमारतीचे नाव आणि कर्जाची कमाल रक्कम लिहावी. नात्यातल्या माणसावर भरवसा आहे म्हणून ‘सर्व अधिकार’ लिहून देण्याची चाल आमच्यात आहे. विकण्याचा अधिकार त्यात घालण्याचे काही कारण नाही.