क्रीडाप्रवेशाचे सशुल्क सल्लागार : गरज किती, भीती किती?

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाविश्वात सध्या मोठी उलथापालथ सुरू आहे. ६ जून २०२५ रोजी तेथील संघीय न्यायालयाने ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातील तडजोडीला मान्यता दिली आणि महाविद्यालयांनी खेळाडूंना थेट मोबदला देण्याचा मार्ग मोकळा झाला. २०२५-२६ या वर्षासाठी तडजोडीत सामील झालेल्या प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंना देण्याची मुभा मिळाली. वृत्तपत्रांचे मथळे या आकड्याने व्यापले. परंतु ज्यांची मुले अजून शाळेत शिकत आहेत, त्या पालकांपुढे याच घडामोडींतून एक निराळा प्रश्न उभा राहिला आहे. महाविद्यालयाच्या संघात मुलाला स्थान मिळावे म्हणून हजारो डॉलर मोजून व्यावसायिक सल्लागार नेमावा काय?

हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून आपण बाजूला सारू नये. सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षे महाविद्यालयीन टेनिसचे एकेरीतील विजेतेपद मिळवले. उंच उडीपटू तेजस्विन शंकर याने कॅन्सस स्टेट विद्यापीठासाठी २०१८ आणि २०२२ मध्ये तोच मान संपादन केला. खेळ आणि पदवी यांची एकत्र सोय करणारी ही वाट भारतीय कुटुंबांना आता परिचयाची झाली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतूनही तिची चर्चा चालते. जेथे वाट दिसते तेथे वाटाड्या येतो आणि वाटाड्याची मजुरीही येते.

प्रथम ही व्यवस्था समजून घेणे आवश्यक आहे. एनसीएए या संघटनेची सुमारे ११०० सदस्य महाविद्यालये तीन विभागांत मोडतात. पहिल्या दोन विभागांत क्रीडा शिष्यवृत्ती देता येते. तिसऱ्या विभागात ती मुळीच दिली जात नाही. हार्वर्ड, येल आदी आयव्ही लीगची विद्यापीठे पहिल्या विभागात असूनही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तेथे मिळते ती कुटुंबाच्या आर्थिक गरजेनुसार मदत. शालेय स्तरावर खेळणाऱ्या मुलांपैकी जेमतेम दोन टक्क्यांना महाविद्यालयात काही ना काही क्रीडा शिष्यवृत्ती लाभते, असे स्वतः एनसीएए सांगते. पूर्ण खर्च भागवणारी शिष्यवृत्ती तर त्याहूनही दुर्मीळ. ‘एवढे पैसे खेळावर घातले, ते शिष्यवृत्तीतून भरून निघतील’ हा हिशेब म्हणूनच बहुतांश घरांत चुकतो.

त्यातच नियम बदलले. पूर्वी पुरुषांच्या टेनिस संघाला साडेचार शिष्यवृत्त्या असत आणि प्रशिक्षक त्या आठ-दहा खेळाडूंत विभागून देत. आता तडजोडीत सामील झालेल्या महाविद्यालयांत शिष्यवृत्तीवरील मर्यादा गेली आणि संघाच्या आकारावर मर्यादा आली. टेनिसमध्ये दहा, बेसबॉलमध्ये ३४, अमेरिकन फुटबॉलमध्ये १०५. कागदावर शिष्यवृत्त्या वाढू शकतात. पण शिष्यवृत्तीविना संघात राहून सराव करणाऱ्या कित्येक मुलांची जागा नाहीशी झाली. शिवाय २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले आणि २०२१ पासून महाविद्यालय बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष बाहेर बसण्याची अट शिथिल झाली. अठरा वर्षांचा नवखा घेण्यापेक्षा एकविसाव्या वर्षी तयार झालेला खेळाडू घेणे प्रशिक्षकाला सोयीचे वाटू लागले. म्हणजे शाळेतून येणाऱ्या मुलासाठी दार खरोखरच अरुंद झाले आहे. पालकांची भीती निराधार नाही. प्रश्न एवढाच आहे की, सल्लागार त्या भीतीवर औषध देतो की तिचाच व्यापार करतो?

सल्लागार नेमके काय विकतो? तो मुलाच्या खेळाची चित्रफीत तयार करतो, महाविद्यालयांची यादी काढतो, प्रशिक्षकांना ई-मेल पाठवतो, वेळापत्रक आखून देतो. यांतील बरेचसे काम कुटुंबाला स्वतः करता येते. महाविद्यालयीन प्रशिक्षकांचे संपर्क त्या त्या संकेतस्थळांवर खुले असतात. पात्रतेचे नियम, उदाहरणार्थ पहिल्या विभागासाठी १६ ठराविक विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी, एनसीएए विनामूल्य प्रसिद्ध करते. पोहणे आणि ॲथलेटिक्स यांत घड्याळ व फूटपट्टी बोलते. टेनिसमध्ये खेळाडूचे मानांकन बोलते. तेथे कोणाच्याही शिफारशीने शंभर मीटरची वेळ कमी होत नाही. सॉकर, व्हॉलीबॉल अशा सांघिक खेळांत प्रत्यक्ष खेळ पाहणे महत्त्वाचे असल्यामुळे ओळखीला काहीसा वाव असतो. पण तेथेही क्लबच्या प्रशिक्षकाचा शब्द अधिक वजनाचा ठरतो, कारण त्याने त्या मुलाला वर्षानुवर्षे पाहिलेले असते.

भीती कशी जन्मते याचे एक उदाहरण पाहू. बहुतेक खेळांत पहिल्या विभागाच्या प्रशिक्षकांना मुलाच्या दहावीच्या वर्षानंतरच्या १५ जूनपूर्वी प्रवेशाविषयी त्याच्याशी बोलण्यास मनाई आहे. मुलाने मात्र पत्र लिहिण्यास आडकाठी नाही. मुलगी नववीत पत्र लिहिते, उत्तर येत नाही, आणि घरात निराशा पसरते. वास्तविक ते मौन नकाराचे नसून नियमाचे असते. हे एक वाक्य ज्याला ठाऊक नाही, तो घाबरून धनादेश लिहितो. उलटपक्षी, एखाद्या महाविद्यालयाच्या उन्हाळी शिबिराचे निमंत्रण आले की घर आनंदून जाते. पण तशी निमंत्रणे पुष्कळांना जातात, हे कोणी सांगत नाही.

येथे सल्लागारांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. अमेरिकेतील शाळांत एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत अशी त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात सरासरी साडेतीनशेहून अधिक आहे. अशा शाळेतील समुपदेशकाला खेळाडूच्या प्रवेशाचे बारकावे सांगायला सवड कोठून मिळणार? ज्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, किंवा जे कुटुंब परदेशातून नुकतेच आले आहे, त्याला प्रामाणिक मार्गदर्शकाचे दोन-चार तास खरोखर उपकारक ठरतात. भारतातून जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर गुणपत्रिकांचे मूल्यमापन, हौशी खेळाडू असल्याचा दाखला, व्हिसा अशी आणखी कामे असतात. विद्यार्थी व्हिसावर काम करण्यास कडक मर्यादा असल्यामुळे, सहकारी खेळाडू जाहिरातींतून कमावतात ते पैसे घेणे त्याला धोक्याचे ठरू शकते. हे वेळेवर सांगणारा माणूस मोलाचा आहे. खेद एवढाच की, ज्यांना अशा सल्ल्याची सर्वाधिक गरज असते त्यांनाच त्याचे शुल्क परवडत नाही, आणि ज्यांना परवडते त्यांच्याकडे बहुधा माहिती आधीच असते.

मोबदल्याच्या बाबतीत एनसीएएचा नियम मार्मिक आहे. मुलाची माहिती महाविद्यालयांपर्यंत पोहोचवण्यासाठी सेवा घेता येते. परंतु ‘शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळवून दिला तर इतके’ अशा अटीवर शुल्क ठरवले, तर खेळाडूची पात्रताच धोक्यात येते. सल्ल्याचे दाम देता येते, जागेचे नाही. ही सीमारेषा पुसली की काय घडते, ते मार्च २०१९ मध्ये जगाने पाहिले. विल्यम रिक सिंगर या कॅलिफोर्नियातील प्रवेश सल्लागाराने, जी मुले तो खेळ स्पर्धात्मक पातळीवर कधी खेळलीच नव्हती त्यांना नौकानयनपटू, सॉकरपटू ठरवून नामांकित विद्यापीठांत घुसवले होते. पालकांकडून त्याने अडीच कोटी डॉलरहून अधिक रक्कम घेतली आणि तीतून प्रशिक्षकांना लाच दिली. स्वतःच्या या मार्गाला तो ‘बाजूचे दार’ म्हणत असे. जानेवारी २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. येशूसंघीयांनी स्थापन केलेल्या जॉर्जटाउन विद्यापीठाचा माजी टेनिस प्रशिक्षकही यात दोषी ठरला, हे आम्हांला विशेष लज्जेने नमूद करावे लागते. त्या प्रत्येक खोट्या खेळाडूमागे दुसऱ्या कोणाचे तरी हुकलेले आसन होते. पहाटे उठून सराव करणाऱ्या त्या मुलाला आपली जागा का गेली हे कधी कळलेही नसेल.

सर्व सल्लागार तसे नसतात, हे आम्ही आवर्जून सांगू. तथापि निवड करताना काही प्रश्न विचारणे पालकांचे कर्तव्य आहे. शुल्क तासावर आहे की वर्षाच्या करारावर? करार मध्येच सोडता येतो काय? ‘हमखास’ हा शब्द तो वापरतो काय? आपल्या मुलाचा खेळ अमुक पातळीचा नाही, हे स्पष्ट सांगण्याचे धैर्य त्याच्यात आहे काय? आणि प्रशिक्षकाला जाणारे पत्र कोण लिहिणार? शेवटचा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रशिक्षकाला चार वर्षे ज्या मुलाबरोबर काढायची असतात, त्या मुलाचाच आवाज त्याला ऐकायचा असतो. भाड्याने लिहून घेतलेले गुळगुळीत पत्र त्याला ओळखता येते.

आमचे मत असे की, आधी मोफत उपलब्ध असलेली माहिती वाचावी, शाळेच्या आणि क्लबच्या प्रशिक्षकांकडून मुलाच्या खेळाचे परखड मूल्यमापन मागावे, आणि मुलाला स्वतः वीस-पंचवीस पत्रे लिहू द्यावीत. त्यानंतरही एखादी गाठ सुटत नसेल तर तेवढ्यापुरता, तासाचे दाम देऊन, सल्ला घ्यावा. कर्ज काढून वर्षभराची योजना घेऊ नये. आणि महाविद्यालय निवडताना एक साधी कसोटी लावावी : पहिल्याच महिन्यात गुडघा दुखावून खेळ कायमचा सुटला, तरी आपले मूल तेथे आनंदाने शिकेल काय? उत्तर ‘होय’ असेल तर निवड योग्य आहे.

सोळा वर्षांच्या मुलाने अनोळखी माणसाला पत्र लिहावे, नकार पचवावा, पुन्हा लिहावे, यातही त्याचे शिक्षण आहे. पैसे देऊन ते दुसऱ्याकडून करून घेतले, तर जागा कदाचित मिळेलही. पण पुढे नोकरीच्या दारात उभे राहताना तोच मुलगा पुन्हा वाटाड्या शोधू लागेल. वाचक पालकांनी शुल्काचा विचार करताना हाही खर्च मनात धरावा, एवढीच आमची विनंती.