निमंत्रणाविना भरणारा मेळा

रविवारची सकाळ. जपानमधील योकोहामा बंदरातील एका कृत्रिम बेटावर, वर्तुळाकार उड्डाणमार्गांनी वेढलेल्या वाहनतळात एकेक मोटार येऊन विसावते. मंडप नाही, स्वागताचा फलक नाही, प्रवेशशुल्कही नाही. मालक खाली उतरतो, मऊ फडक्याने काचेवरची धूळ टिपतो आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थास किंचित लवून अभिवादन करतो. थोड्याच वेळात दोघेही एकाच मोटारीच्या उघड्या बॉनेटपाशी वाकून उभे असलेले दिसतात.

या स्थळाचे नाव दाइकोकू पार्किंग एरिया. जपानी लोकांच्या सात भाग्यदेवतांपैकी एकीचेही हेच नाव, आणि त्या देवतेचे मूळ भारतातील महाकालात आहे. योकोहामा बे ब्रिज १९८९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्या पुलालगतचा हा थांबा द्रुतगती मार्गावरील प्रवाशांनी घटकाभर विश्रांती घ्यावी, चहा-फराळ करावा, एवढ्याचसाठी आहे. तरीही जपानी मोटारींच्या शौकिनांनी त्याला आपल्या पंढरीचे रूप दिले. रात्री येथे रंगीबेरंगी, सजविलेल्या गाड्यांची गर्दी असते. रविवारी सकाळी मात्र जुन्या, जपलेल्या गाड्या अधिक दिसतात.

त्या गाड्यांमधून जपानी उद्योगाचा इतिहासच डोळ्यांपुढून सरकतो. १९६७ ची माझदा कॉस्मो स्पोर्ट पाहावी, तर तिच्या इंजिनात वरखाली होणारे दट्टे नाहीतच. त्यांच्या जागी दोन त्रिकोणी रोटर गरगर फिरतात. १९६९ ची स्कायलाइन जीटी-आर तिच्या चौकोनी बांध्यामुळे ‘हाकोसुका’ म्हणून ओळखली जाते. ‘हाको’ म्हणजे पेटी. शेजारी १९९१ सालची चिमुकली होंडा बीट असते. ६६० घनसेंटीमीटरच्या मर्यादेत बसणाऱ्या ‘केई’ वर्गातील ही दोन आसनांची गाडी महागड्या गाड्यांइतक्याच कौतुकाने न्याहाळली जाते. येथे किमतीपेक्षा निगेला मान आहे.

ही निगा सोपी नव्हे. जपानमध्ये नव्या खासगी मोटारीची सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. पेट्रोलवर चालणारी गाडी तेरा वर्षांहून जुनी झाली की तिच्यावरील वार्षिक करही वाढतो. सुटे भाग मिळेनासे होतात. म्हणून येथे उभ्या असलेल्या प्रत्येक जुन्या गाडीमागे कोणत्या तरी घराने वर्षानुवर्षे पुनःपुन्हा घेतलेला निर्णय असतो. २०१७ मध्ये माझदाने आपल्या पहिल्या पिढीतील रोडस्टरच्या जीर्णोद्धाराची सेवा जाहीर केली, ती अशाच जिव्हाळ्याची दखल होती. सुझुकीच्या सहकार्याने १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० ज्या मराठी घरांतून निरोप घेऊन गेली, त्या घरांना हा जिव्हाळा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

परंतु या मेळ्याचे भवितव्य गाड्यांच्या यंत्रांवर अवलंबून नाही. ते माणसांच्या वागणुकीवर अवलंबून आहे. कोणी विनाकारण इंजिन गुरगुरविले, मालवाहू ट्रकांच्या जागा अडविल्या किंवा गर्दी हाताबाहेर गेली, की पोलीस ध्वनिक्षेपकावरून सर्वांना निघण्यास सांगतात आणि प्रवेशमार्ग बंद करतात. आलेल्या साऱ्यांना, अगदी नियम पाळणाऱ्यांनाही, परतावे लागते. हा थांबा मूळचा थकलेल्या चालकाचा आहे. रात्रभर ट्रक चालवून आलेल्या माणसाला तासभर डोळा लागावा, ही गरज हौशी माणसाच्या आनंदाआधी येते, आणि ते योग्यच आहे.

जाणते शौकीन हे ओळखून असतात. गाडी उभी केली की ते इंजिन बंद करतात, दुसऱ्याच्या गाडीस परवानगीवाचून हात लावीत नाहीत आणि आपला कचरा बरोबर नेतात. या मेळ्याला संयोजक नाही, त्यामुळे चूक झाल्यास बोट दाखविण्यासही कोणी नाही. प्रत्येकालाच थोडा थोडा यजमान व्हावे लागते.

सार्वजनिक जागेत सण, मिरवणूक वा स्नेहमेळा भरविणाऱ्या कोणत्याही समाजाला हा दाखला लागू पडतो. आपला आनंद ज्यांच्या अंगणातून जातो, त्यांची झोप आणि त्यांची वाट आपण मोकळी ठेवली, तर पुढच्या वेळी दार उघडे मिळते. दुपार होता होता दाइकोकूतील गाड्या एकामागून एक शांतपणे मार्गस्थ होतात. रिकाम्या झालेल्या जागेत एक ट्रक येऊन उभा राहतो, आणि त्याचा चालक आसन मागे सारून डोळे मिटतो.