पैसे भरलेत म्हणजे काय विकत घेतलंत?

परवा रात्री भाचीचा फोन आला. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, एकांकिकांमधून कामं करते. "मामा, मला एका फोटोग्राफी वर्कशॉपसाठी मॉडेल म्हणून विचारलंय. नऊवारी, नथ, नदीचा घाट असं काहीतरी आहे. अर्ध्या दिवसाचे पैसे पण देणारेत. तू जातोस ना असल्या वर्कशॉपना? जाऊ का मी?"

प्रश्न सोपा होता. "जा की" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "दोन दिवसांनी सांगतो."

फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. बारा वर्षं मी या वर्कशॉपना जातोय. पैसे भरून, रविवारी पहाटे उठून, बायकोची बोलणी खाऊन. तुमच्यापैकी तिघांना तर मीच आग्रहाने पाठवलंय. मग घरातली मुलगी कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहणार म्हटल्यावर जीभ का अडखळली? (आणि घरातली मुलगी म्हटल्यावरच ती अडखळावी, ही काही मिरवायची गोष्ट नाही. हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुम्ही सांगायला नको.)

नातेवाईक मंडळींसाठी थोडा खुलासा. मॉडेल फोटोग्राफी म्हणजे "तसलं" काही नसतं. आठवडाभर बँकेत, आयटीत, दवाखान्यात राबणारी पंधरा-वीस माणसं कॅमेरे घेऊन जमतात. एक शिकवणारा असतो, तो प्रकाश कसा वापरायचा, चेहऱ्यावर सावली कुठे पडू द्यायची ते सांगतो. एक किंवा दोन मॉडेल असतात. स्टुडिओ परवडत नाही तेव्हा बाहेर जायचं. आम्हा पुणेकरांची आवडती जागा म्हणजे वाईजवळचं मेणवली. कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा, खाली दगडी घाट, आणि देवळाशी टांगलेली ती वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा. 'स्वदेस' पाहिलेल्यांनी हा घाट पाहिलेला आहे. सकाळी साडेसातचा तिथला उजेड... असो, तो वेगळा विषय.

तर हे सगळं छान आहे. मी यात खरंच शिकलो. पण तिथे वागायचं कसं, हे बारा वर्षांत एकदाही मला कुणी मोठ्याने सांगितलं नाही. कुठली लेन्स आणायची याची यादी आठवडाभर आधी येते. समोर उभ्या राहणाऱ्या माणसाशी कसं वागायचं याची एक ओळ येत नाही. सगळे सुशिक्षित आहेत, सांगायची काय गरज, असं त्यामागे असतं. सुशिक्षित माणसांचा घोळका बघायचा असेल तर मेणवलीला या.

वीस कॅमेरे अर्धवर्तुळात उभे असतात आणि प्रत्येक जण ओरडत असतो. "मॅडम इकडे!" "मॅडम, जरा वर!" "स्माइल, स्माइल!" डोळे दोनच, ते एका वेळी एकाच लेन्सकडे बघू शकतात. परिणाम असा की अठरा जणांच्या फोटोत ती दुसऱ्याच कुणाकडे तरी बघतेय आणि उरलेल्या दोघांच्या फोटोत कावरीबावरी झालेली आहे. म्हणजे सभ्यपणा बाजूला ठेवा, साध्या स्वार्थाच्या हिशोबानेही हे बिनडोकपणाचं आहे. जपानमध्ये टोकियोला कॉमिकेट नावाचा मोठा मेळा भरतो. तिथे वेशभूषा करून आलेल्या मुलामुलींभोवती आपल्यापेक्षा कितीतरी मोठी गर्दी होते. मग मोठ्याने दहापासून उलटे आकडे मोजतात. शून्य झालं की कॅमेरे खाली, कडं मोडलं. कुणाची हरकत नाही, कुणाचा कलाकार दुखावत नाही. आपल्याकडे "फक्त एक शेवटचा" असं म्हणत माणूस अकरा वेळा बटण दाबतो.

स्टुडिओतही तेच. मोठ्या दिव्यांचा ट्रिगर सहसा एकच असतो, तो पाळीपाळीने कॅमेऱ्यावर लावायचा. एक जण काढत असताना बाकीच्यांनी थांबायचं. पण दम कुणाला? कुणीतरी आपल्या कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडवतो, स्लेव्हवर ठेवलेले सगळे दिवे त्याच्याबरोबर भकाभक पेटतात, ज्याची पाळी होती त्याचा फोटो काळा येतो, आणि मॉडेल डोळे चोळत बसते. बाहेर सोनेरी रिफ्लेक्टर. अकरा वाजताचं ऊन तिच्या थेट डोळ्यांत मारायचं आणि वर म्हणायचं, "डोळे बारीक करू नका." अहो, तिला डोळे मिटायला सांगा, तीन म्हटल्यावर उघडायला सांगा, तेवढ्यात तुमचा फोटो मिळतो. हे शिकवायला दहा सेकंद पुरतात. स्वतः त्या तापलेल्या दगडी पायऱ्यांवर बूट काढून दोन मिनिटं उभं राहिलं तर शिकवावंही लागणार नाही.

आता हात लावण्याबद्दल. माझ्या डोळ्यांदेखत एका गृहस्थांनी पदराची घडी नीट करायला म्हणून सरळ खांद्यावर हात घातला. हेतू वाईट नसेल. मला हेतूत रसच नाही. पदर, केस, नथ, हनुवटी, कशालाही हात लावायचा नाही. बदल हवा असेल तर तोंडाने सांगायचं, नाहीतर स्वतः करून दाखवायचं. आमचे एक शिकवणारे साठीच्या घरातले, पोट सुटलेले, ते नसलेला पदर खांद्यावरून घेऊन अशी काही मान वळवून दाखवत की सगळे हसायचे, मॉडेलही हसायची, आणि पोझ बरोब्बर यायची. त्यांनी कुणाला बोट लावलेलं मी पाहिलं नाही. अडणार तर कुणाचं काहीच नाही.

इथवर दुसऱ्यांची उणीदुणी काढली. आता माझं.

२०१८ च्या हिवाळ्यात असंच एक वर्कशॉप होतं. जेवणाची सुट्टी झाली. मॉडेल घाटाच्या कोपऱ्यात बसली होती, नऊवारीचा भिजलेला काठ गुडघ्यापर्यंत वर घेऊन पिळत होती, दातांत हेअरपिन धरलेली, बाजूला अर्धा खाल्लेला वडापाव. सुंदर दृश्य होतं. मी लांबून मोठी लेन्स लावली आणि चार फोटो घेतले. तिला कळलंही नाही. त्यातला एक मी इंटरनेटवर टाकला, 'निवांत' असं शीर्षक देऊन. खूप कौतुक झालं. (तुमच्यापैकी काहींनीही केलं होतंत.) तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. "सर, तो फोटो काढून टाकाल का? मी तेव्हा काम करत नव्हते."

मी काय केलं असेल? मी वाद घातला. प्रकाश किती छान आहे, यात अश्लील काहीच नाही, कॅन्डिड फोटोत माणूस खरा दिसतो वगैरे वगैरे. तिने पुन्हा तेवढंच लिहिलं, "सर, मी तेव्हा काम करत नव्हते." दुसऱ्या दिवशी मी फोटो काढला, तोही कुरकुरत. तिला माफी वगैरे मागितल्याचं आठवत नाही. मागितली असती तर आठवलं असतं.

परवा भाचीच्या फोननंतर ते वाक्य पुन्हा आठवलं. मॉडेल म्हणून उभं राहणं हे काम आहे. नाटकासारखंच. पडदा पडल्यावर विंगेत घाम पुसणाऱ्या नटीचा फोटो प्रेक्षकाने तिकीट दाखवून मागावा, तसं मी केलं होतं. पोझ देणारी ती निराळी, आणि वडापाव खाणारी निराळी. पहिलीचं अर्ध्या दिवसाचं मानधन ठरलेलं असतं. दुसरीचं कुणी काही ठरवलेलं नसतं, कारण ती विक्रीला नसतेच.

पण या बाबतीत आपल्या मंडळींकडे एक हुकमी एक्का आहे. "आम्ही पैसे भरलेत." मी हे इतक्यांदा ऐकलंय की चीड येते. पैसे कशाचे भरलेत? शिकवण्याचे, जागेचे, दिव्यांचे, आणि तिने ठरलेल्या वेळात ठरलेल्या कपड्यांत ठरल्याप्रमाणे उभं राहण्याचे. न्हाव्याला पैसे दिले म्हणून दुकानाच्या आतल्या खोलीत जाऊन त्याचं जेवण उघडून बघतो का आपण? आणि बहुतेक वेळा तुम्ही भरलेल्या रकमेतलं तिच्या हातात किती पडतं, हे विचारायची तसदीही कुणी घेत नाही. काही ठिकाणी तर पैसेच नसतात, "पोर्टफोलिओला फोटो मिळतील" एवढ्यावर भागवतात. मग महिनोन्‌महिने ते फोटोही मिळत नाहीत. वीस जणांपैकी दोघे पाठवतात.

यात गंमत अशी की कायदा बराचसा आपल्याच बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. ज्याचा चेहरा आहे त्याचा त्यात वाटा नाही. म्हणूनच आधी दोन ओळी लिहून घ्यायला हव्यात, की हे फोटो कुठे लावणार, स्पर्धेला पाठवणार का, विकणार का. ही कागदपत्रं फोटोग्राफरच्या संरक्षणासाठी असतात असं आपण समजतो, आणि तीही सही "इथे करा" म्हणून शेवटी घाईघाईत घेतो. ती आधी, तिला वाचायला वेळ देऊन घ्यायला काय होतं?

एका गोष्टीत मात्र कायदा तिच्या बाजूने ठाम आहे, आणि ती आयोजकांनी भिंतीवर लावावी. घाटावर कपडे बदलायला जागा नसते. मी मुलींना गाडीच्या काचांना ओढण्या लावून साडी बदलताना पाहिलंय, म्हणजे त्या ओढण्या पाहिल्यात. अशा खासगी क्षणी चोरून बघणं किंवा फोटो काढणं हा २०१३ पासून दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात आहे. आणि तिथे हेही लिहिलंय की असा फोटो काढायला होकार दिला असला तरी तो इतरांना दाखवायला होकार दिला असं होत नाही. माझा 'निवांत' या कलमात बसणार नाही. पण होकाराचं ते दोन भागांत तोडणं मला फार शहाणपणाचं वाटतं. काढणं वेगळं, दाखवणं वेगळं.

"इतके नियम लावले तर मूड जातो, कला मरते," असं एक जण मला तावातावाने म्हणाले होते. चित्रकलेच्या लाइफ क्लासमध्ये जाऊन या म्हणावं. रवी जाधवांचा 'न्यूड' (२०१८) पाहिला असेल, त्यातली बाई मुंबईच्या जे. जे. मध्ये मॉडेल म्हणून बसते. लाइफ क्लासची शिस्त म्हणजे घड्याळ लावून पोझ, मग विश्रांती. पाय कुठे होता ते खडूने आखून ठेवायचं, म्हणजे विश्रांतीनंतर तिला तिथेच बसता येतं. विश्रांतीत अंगावर वस्त्र, आणि कुणी पेन्सिल उचलायची नाही. या शिस्तीतून पिढ्यान्‌पिढ्या चित्रकार तयार झाले. तिथे अंगावर कपडे नसतात तरी एवढी अदब, आणि आपल्याकडे नऊ वार साडी असून ही तऱ्हा.

नियमांचा अतिरेकही पाहिलाय, तोही सांगतो. एका आयोजकाने फर्मान काढलं होतं की मॉडेलशी कुणी बोलायचंच नाही, सूचना फक्त शिकवणारा देईल. दुसऱ्याचं म्हणणं, मॉडेलने सोबत कुणालाही आणायचं नाही, "बॉयफ्रेंड आले की कटकट होते." दोन्ही मला अजिबात पटत नाहीत. न बोलता फोटो काढायचे तर दुकानातला पुतळा काय वाईट? उलट नाव विचारा, थकलात का विचारा, काढलेला फोटो कॅमेऱ्यावर दाखवा. फोन नंबर तेवढा मागू नका. आणि सोबतीचं म्हणाल, तर आई, भाऊ, मैत्रीण, जो कुणी असेल तो वीस फुटांवर पुस्तक वाचत बसला तर कुणाच्या एक्सपोजरमध्ये फरक पडतो? ज्याला पडतो, तो मला वर्कशॉपमध्ये नकोच आहे.

काल भाचीला फोन केला. जा किंवा जाऊ नकोस असं सांगितलं नाही, तो तिचा प्रश्न आहे. म्हटलं, आयोजकाला पाच गोष्टी विचार. किती जण असतील? कपडे कुठे बदलायचे? मैत्रीण सोबत आली तर चालेल ना? फोटो कुठे कुठे लागणार, हे आधी लिहून मिळेल का? आणि मी "हा नको" म्हटलं, तर कुणाचं ऐकलं जाईल?

ती म्हणाली, "मामा, हे तू प्रत्येक वेळी विचारतोस?"

"आत्तापर्यंत एकदाही नाही."

आज दुपारी तिचा मेसेज आला. पहिल्या तिन्हींची उत्तरं लगेच मिळाली, मैत्रीण चालेल म्हणाले. उरलेल्या दोन्हींवर "तुम्ही या तर खरं, बघू" असं म्हणालेत. तिने त्यांना लिहिलंय, आधी बघा, मग येते.