धुमसायला जागा लागते

नायगावात येऊन एका विद्वानांनी परवा आम्हालाच ऐकवले की गिरणगावाने घोषणा दिल्या, नायक दिला नाही. कारण नायक एकटा असतो! समाजाने झिडकारलेला, कपाळाला आठी, काळजात जखम. बायरनच्या काव्यापासून ‘दीवार’च्या विजयपर्यंत, शिवाय आपला कर्ण, हीच म्हणे परंपरा. मोर्चात चालणारा माणूस तिच्यात बसत नाही.

विजयचे घ्या. बाप कामगारांचा पुढारी, आणि पोराची गोदीतली गाजलेली मारामारी हमालांकडून हप्ता उकळणाऱ्यांशी. एकाकीपण आले ते पुढे, तस्करीच्या पैशाबरोबर. कर्णासाठी ‘मृत्युंजय’ आल्यापासून, म्हणजे १९६७ पासून, घरोघरी रडून झाले. तो दुर्योधनाच्या पंगतीला बसला होता हे रडताना कोणाला आठवत नाही.

बायरनपाशी मात्र थांबायलाच हवे. दहाव्या वर्षी उमरावपद, राहायला जुन्या मठाचा वाडा. धुमसायला अशी जागा लागते, रिकामा वेळ लागतो आणि कोणीतरी आयते ताट वाढावे लागते. इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची. पहिल्या पाळीवाला गावकरी उठून गेला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच पथारीवर आडवा व्हायचा. अंगाला सरकीचा वास, केसांत कापसाची तुसं, पलीकडे स्टोव्हची भरभर. याने एकान्तात धुमसायचे कुठे? पॅसेजमध्ये? तिथे आधीच दोघे घोरत पडलेले.

आणि खुद्द बायरन? २७ फेब्रुवारी १८१२ रोजी उमरावांच्या सभागृहात त्याने पहिले भाषण केले ते नॉटिंगहॅमच्या विणकरांसाठी. यंत्रे फोडणाऱ्यांना फाशी देण्याच्या विधेयकाला त्याने विरोध केला. ‘चाइल्ड हॅरॉल्ड’चे पहिले दोन सर्ग आले त्यानंतर, मार्चमध्ये. तो खिन्न नायक छापून बाजारात येण्याआधी कवी कामगारांच्या बाजूने बोलून मोकळा झाला होता. विद्वानांना नेमके हेच पान सापडले नाही. हा बायरन आमच्या साचेवाल्याला चटकन कळला असता.

कलेसाठी कला की जीवनासाठी, हा वाद आजोबांच्या पिढीत मिटला असे मी समजत होतो. पण तो दर दहा वर्षांनी नवे धोतर नेसून येतोच.

बरे, मग आमचा नायक कोण? नारायण सुर्वे. रस्त्यावर टाकलेले मूल, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून वाढवलेले. झिडकारलेपणाचे याहून अस्सल प्रमाणपत्र बायरनकडेही नव्हते. तरी ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) मधला ‘मी’ चारचौघांतला आहे, रुसलेला नाही. अण्णाभाऊ साठे यांचा ‘फकिरा’ (१९५९) तर कायद्याबाहेरचाच. पण तो दरोडा घालतो उपाशी माणसांसाठी, लुटीचे धान्य त्यांच्या घरात जाते.

विद्वानांनी ही दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत. दोन्ही मिळून फार पाने नाहीत.