खरखर रेडिओची नव्हे

मंडळी, गेला महिनाभर सकाळच्या बातम्यांना माझा मिडियम वेव्हचा रेडिओ खरखरत होता. "आजोबा, ते खोकं टाकून द्या, मोबाईलवर ऐका," इति नातू. मी स्वयंपाकघरातला नवा, स्वस्त एलईडी दिवा बंद केला. बातम्या स्वच्छ! मग दोषी कोण?

अशा दिव्यात (आणि मोबाईलच्या चार्जरमध्येही) वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारे सर्किट असते. त्याने वीज वाचते, मान्य. पण प्रत्येक झटक्यासरशी गोंगाट उठतो, तो मिडियम वेव्हच्या ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातही घुसतो आणि घरातल्या वायरी एरियलसारखा तो पसरवतात.

यावर उपाय जुनाच आहे. वीज आत येते तिथे एक कॉइल आणि कपॅसिटर, म्हणजेच फिल्टर, बसवायचा. नातवाने दिवा उघडला, तर कॉइलचा पत्ताच नाही! चार पैसे वाचवले कारखानदाराने, खरखर मात्र माझ्या माथी. रेडिओला असा उपद्रव होऊ नये म्हणून 'सिस्पर' ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून काम करते आहे. दिव्यांच्या गोंगाटाची मर्यादाही तिने ठरवून दिली आहे. पाळतो कोण?

वर्गात एकाने दंगा केला म्हणून लक्ष देऊन ऐकणाऱ्याला मी कधी बाहेर काढले नाही. मग रेडिओलाच का काढू? दिवा बदलला, रेडिओ जागेवर आहे. तुम्हीही नव्या दिव्याजवळ रेडिओ लावून बघा, आणि खरखरला तर दुकानदाराला जाब विचारा!