चाळीस वर्षांचे वचन

काही वर्षांपूर्वी, महाराष्ट्राबाहेरील एका जिल्ह्यात सेवेत असताना, शहराच्या कचऱ्यासाठी नियोजित भरावभूमीच्या जनसुनावणीचे अध्यक्षस्थान माझ्याकडे आले होते. जागा कागदोपत्री सरकारी पड होती. तिच्या चहूबाजूंना मात्र विहिरींवर पोसलेली शेती होती. सल्लागारांचे सादरीकरण संपल्यावर एक वृद्ध शेतकरी उठले. त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, आमच्या विहिरीचे पाणी काळे पडेल, तेव्हा आपण कोठे असाल?"

प्रश्न अज्ञानातून आलेला नव्हता. शास्त्रोक्त भरावभूमी म्हणजे उघडा कचरा डेपो नव्हे, हे खरेच आहे. २००० च्या नियमांनीच तळाशी ९० सेंटिमीटर चिकणमातीचा थर व त्यावर १.५ मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा सांगितला होता. तळ भूजलपातळीच्या किमान २ मीटर वर असावा, जागा २० ते २५ वर्षे पुरावी आणि बंद झाल्यावर १५ वर्षे देखरेख व्हावी, असेही त्यांत होते. २०१६ च्या नियमांनीही हेच धोरण पुढे चालविले. म्हणजे गावाला आपण सुमारे चाळीस वर्षांचे वचन देतो. आणि ते देणारा अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो.

हे वचन मोडले की काय होते, ते केरळमधील विळप्पिलशाला गावाने दाखविले. तिरुवनंतपुरमच्या कचऱ्यासाठी २००० साली तेथे खतप्रकल्प सुरू झाला. प्रक्रिया न झालेल्या कचऱ्याचे ढीग वाढले, त्यातून झिरपणारे पाणी ओढ्यात उतरले. डिसेंबर २०११ मध्ये पंचायतीने प्रकल्पाला कुलूप लावले. २०१२ मध्ये पोलीस बंदोबस्तात यंत्रसामग्री नेण्याचा प्रयत्नही लोकांनी रस्त्यावर अडविला. त्यानंतर शहराला घरोघरी व वस्तीवस्तीत ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा मार्ग धरावा लागला. ही व्यवस्था निर्दोष नाही. पण जे आधी करावयाचे होते, ते कुलूप लागल्यावर सुचले.

भरावभूमी नकोच, असे माझे म्हणणे नाही. प्रक्रियेनंतर उरणारा निरुपयोगी अंश कोठेतरी पुरावाच लागतो. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. प्रथम शहराने कचरा वेगळा करून दाखवावा, मग गावाकडे जमीन मागावी. भोवतालच्या विहिरींची तपासणी काम सुरू होण्यापूर्वी व्हावी आणि पुढील प्रत्येक अहवाल ग्रामपंचायतीत लावला जावा. मिश्र कचऱ्याची गाडी दारातून परत पाठविण्याचा अधिकार गावाच्या समितीला लेखी मिळावा. बंद झाल्यानंतरच्या देखरेखीचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात जमा व्हावा. अधिकारी बदलला तरी करार बदलू नये, यासाठी एवढे आवश्यक आहे.

त्या दिवशी मी शेतकऱ्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात नोंदवून घेतला. निर्णय होण्यापूर्वीच माझी बदली झाली; त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तेच होते. बंगळूर, हैदराबाद वा दिल्लीत राहणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे: आपला कचरा कोणत्या गावी जातो, हे एकदा महापालिकेला विचारावे, आणि त्या गावाचे नाव घरातील मुलांनाही सांगावे.